पोरं कॉलेजला का जातात? एकदा विचारून बघू या

(अभ्यासपाठ : महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचून चर्चा करण्यासाठी)



बारावीचे निकाल लागले की पुढचा महिना-दीड महिना आपल्या बैठकांत एकच विषय असतो. आधी पेढे येतात, मग कर्जमागणीचे अर्ज येतात. कोणाला मुलाची फी भरायची असते, कोणाला एस.टी.चा पास काढायचा असतो, कोणाला पुस्तकं आणि मोबाइल घ्यायचा असतो. अर्जात 'कर्जाचे कारण' असा रकाना आहे. त्यात आपण एक शब्द लिहितो, 'शिक्षण'. सचिवताई वहीत उतरवतात, सह्या होतात आणि पुढचा विषय सुरू होतो.

आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड यांच्याबरोबर शिक्षण हेही एक सूत्र आहे. म्हणून या महिन्याच्या पाठात त्या एका शब्दाच्या आत काय दडलंय ते बघू. आपला मुलगा, मुलगी किंवा सून कॉलेजला जायचं म्हणते, तेव्हा तिला नेमकं कशासाठी जायचं असतं? हे आपण विचारतो का? आणि उत्तर कळलं तर आपला निर्णय बदलतो का?

सांगायचं कारण आणि मनातलं कारण

गावोगावच्या बैठका उरकल्यावर मी कॉलेजातल्या मुला-मुलींशी मुद्दाम बोलते. "कशाला जातेस गं कॉलेजला?" असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "नोकरी लागावी म्हणून." घरच्यांना हेच उत्तर पटतं, पाहुण्यांना पटतं आणि बँकेच्या साहेबांनाही पटतं. म्हणून सगळी मुलं हेच सांगतात.

पण जरा वेळ दिला, सोबत चार पावलं चाललं, की दुसरी उत्तरं बाहेर येतात. मी ऐकलेली काही अशी आहेत :

"घरी बसले तर याच वर्षी लग्न लावतील. कॉलेज चालू आहे म्हटलं की पाहुणे जरा थांबतात."

"आमच्या घरात कोणीच दहावीच्या पुढे नाही. मला पहिली व्हायचंय."

"तिथे मला माझ्या नावाने ओळखतात. गावात मी नुसती अमक्याची पोरगी."

"शेती करतो म्हटलं तर कोणी मुलगी देत नाही. बायोडाटावर पदवी तर पाहिजे." हे अर्थातच मुलाचं उत्तर आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी लग्नाचा मुलगा घेऊन दारोदार फिरल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

"आईचं शिकायचं राहून गेलं. ती म्हणते, तू तरी शिक."

"मला रसायनशास्त्र आवडतं. प्रयोगशाळेत गेलं की वेळ कळत नाही."

आणि बऱ्याच जणांचं उत्तर असतं, "काय माहीत. सगळे जातात, म्हणून मीपण जातो."

अभ्यासाच्या भाषेत याला प्रेरणा म्हणतात. स्वतःच्या आवडीतून आलेली ती आंतरिक प्रेरणा. पगार, लग्न, लोकलाज, आई-बापाचा आग्रह यांतून आलेली ती बाह्य प्रेरणा. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं समजू नका. प्रत्येकाच्या मनात तीन-चार कारणं एकत्र असतात. पण ज्याच्याकडे स्वतःचं असं एकही कारण नसतं, तो पहिल्या अडचणीला गळतो. एस.टी. बंद पडली, एक विषय राहिला, सोयाबीनची काढणी आली, की तो घरी बसतो. ज्याच्याकडे कारण असतं, तो त्याच अडचणीतून वाट काढतो.

कारण बाहेरून येतं, मग आपलं होतं

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घेऊ. आनंदीबाई जोशी यांचं लग्न वयाच्या नवव्या वर्षी झालं. त्यांनी शिकावं असा हट्ट आधी नवऱ्याचा, गोपाळरावांचा होता. म्हणजे कारण बाहेरून आलेलं होतं. पुढे चौदाव्या वर्षी त्यांना बाळ झालं आणि ते थोड्याच दिवसांत गेलं. बायकांना दाखवायला बाई डॉक्टर नाही, पुरुष डॉक्टरपुढे बाई आपलं दुखणं सांगत नाही, हे त्यांनी स्वतः बघितलं. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं. विषय हाच होता, मी अमेरिकेला का जाते? या देशातल्या बायकांना बाई डॉक्टरांची गरज आहे, असं त्यांनी भरसभेत सांगितलं. तेव्हा त्या अठराही पूर्ण नव्हत्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं, पण त्यांनी सांगितलेलं कारण त्यांच्यामागेही उरलं.

यातून आपण काय घ्यायचं? कारण पहिल्याच दिवशी पक्कं असलं पाहिजे असं नाही. आज 'सगळे जातात म्हणून' जाणाऱ्या पोराला दुसऱ्या वर्षी एखादा विषय, एखादे सर, एखादी वाट सापडू शकते. पण त्यासाठी घरात कोणीतरी विचारणारं लागतं. "पास झालास का?" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मिळतं.

मुली शिकतात, पण काय आणि कुठवर?

उच्च शिक्षणाचा देशपातळीवरचा अहवाल केंद्र सरकार काढतं. २०२१-२२ च्या अहवालात देशभरात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी कॉलेज-विद्यापीठांत होते. त्यांत मुली सुमारे २ कोटी ७ लाख. म्हणजे शंभरात साधारण ४८ मुली. पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा त्यांना शेण-चिखल सोसावा लागला. तिथून आपण इथवर आलो, हे थोडं नाही.

म्हणून आता 'मुलींना शिकवा' एवढं म्हणून भागत नाही. पुढचे प्रश्न विचारायला हवेत. मुलीला तिला हवं ते शिकायला मिळतं, की फाट्यावरून एस.टी. मिळते त्या कॉलेजात जे असेल ते? मुलाला नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगला तालुका सोडून पाठवतो, तसं मुलीला पाठवतो का? आणि पदवी हातात येईपर्यंत थांबतो, की चांगलं स्थळ आलं म्हणून दुसऱ्याच वर्षी नाव काढतो?

कारण कळलं की वाट ठरते

आता कामाचं बोलू. कारण वेगळं, तर वाट वेगळी, खर्चही वेगळा.

कारण 'सरकारी नोकरी' असेल, तर लगेच दुसरा प्रश्न विचारा, कोणती? पोलीस भरतीला बारावी चालते, मैदान आणि लेखी परीक्षा महत्त्वाची. अंगणवाडी सेविकेलाही बारावी लागते. तलाठी भरतीला पदवी लागते. राज्यसेवेच्या परीक्षेलाही पदवी लागते, मात्र ती कोणत्याही शाखेची चालते. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला बारावीनंतर डी.एल.एड. आणि वर टीईटी पास व्हावी लागते. पोलीस भरतीच करायची असलेल्या मुलाने तीन वर्षं नुसती हजेरी लावली, तर वयही जातं आणि पैसाही. त्याने भरतीचा सराव करत सोबत पदवी केली, तर पुढे बढतीला आणि दुसऱ्या परीक्षांना तीच कामी येते. दोन्ही चालेल, पण आधी ठरवून.

कारण 'लवकर कमवायचंय' असेल, तर आय.टी.आय., पॉलिटेक्निक, नर्सिंग यांची माहिती बी.ए.-बी.कॉम.च्या आधी घ्या. आय.टी.आय.ला दहावीवरही जाता येतं. मुलींनी इलेक्ट्रिशियन किंवा फिटर होऊ नये असा काही नियम नाही.

कारण 'विषयाची आवड' असेल, तर जवळचं कॉलेज सोडून चांगलं कॉलेज बघा. तिथे वसतिगृहाचा खर्च धरावा लागेल. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम योजना आहे. राहण्या-जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात.

कारण 'लग्न लांबवायचं' असेल, तर? यावर आपल्या बैठकांत कुजबुज होते, म्हणून स्पष्टच लिहिते. हेही खरं कारण आहे. कायद्याने मुलीचं लग्न अठराच्या आत करता येत नाही. अठरानंतरही 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा हक्क तिचाच. तीन वर्षं मागणारी मुलगी विचार करायला, पायावर उभं राहायला वेळ मागते आहे. तिला ती तीन वर्षं द्या. आणि त्या तीन वर्षांत तिच्या हाताला काय काम शिकता येईल, तेही तिच्यासोबत बसून बघा.

कारणच नसेल, तरी लगेच घरी बसवू नका. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी अशी टप्प्याटप्प्याने बाहेर पडायची आणि नंतर परत यायची सोय केली आहे. अटी कॉलेजच्या ऑफिसात नीट विचारून घ्या. ज्यांचं लग्नामुळे किंवा घरच्या आजारपणामुळे शिक्षण तुटलं, त्या मुलींनाही हे माहीत असायला हवं.

एका गटातली चर्चा

मी जाते त्या एका गावातल्या गटात गेल्या वर्षी एक अर्ज आला. ताईंना मुलीच्या लग्नाच्या तयारीसाठी तीस हजार हवे होते. मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. अध्यक्ष मावशींनी विचारलं, "पोरगी काय म्हणते?" ताई म्हणाल्या, "तिला काय विचारायचं? कॉलेजात तरी काय करते, जाते नि येते."

मावशींनी अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला आणि सीआरपी ताईंना मुलीशी बोलायला सांगितलं. मुलगी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवर धुणं धुताना म्हणाली, "मला बी.ए.चं एवढं काही नाही. पण कॉलेज सुटलं की त्याच महिन्यात माझं लग्न होणार. मला अजून दोन वर्षं पाहिजेत. आणि टायपिंग शिकायचंय."

पुढच्या बैठकीत यावर दोन तट पडले. एक आक्का म्हणाल्या, "हे काय कारण झालं? शिकायचं असेल तर शीक, नाहीतर संसाराला लाग." दुसऱ्या ताई म्हणाल्या, "आक्का, मला सतराव्या वर्षी उजवलं. मला दोन वर्षं मिळाली असती तर आज मी अंगठ्याच्या जागी सही केली असती." बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी मुलीच्या आईनेच अर्ज बदलला. तीस हजारांच्या जागी आठ हजार, टायपिंगची फी आणि पासासाठी.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही. स्थळंही येतात. पण पाहुण्यांना काय सांगायचं, हे आता घरात तिला विचारून ठरतं. आक्कांचं मत काही बदललेलं नाही, पण त्याही तिच्या परीक्षेची तारीख विचारतात.

पैशाचं गणित

समजा, फी आणि पासासाठी गटातून १०,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं. व्याज महिना शेकडा २ रुपये, परतफेड १० महिन्यांत, दरमहा १,००० रुपये मुद्दल, आणि व्याज उरलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्याला व्याज २०० रुपये, दुसऱ्याला १८०, तिसऱ्याला १६०, असं कमी होत शेवटच्या महिन्याला २० रुपये. दहा महिन्यांचं एकूण व्याज १,१०० रुपये. हे व्याजही आपल्याच गटाच्या पेटीत येतं. हेच पैसे सावकाराकडून आणले, तर व्याजही गेलं आणि झोपही गेली.

पण कर्ज घेण्याआधी सरकारी सवलती बघा :

१. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, म्हणून मुला-मुलीचं खातं आधी आधारशी जोडून घ्या.

२. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. राहण्या-जेवणाचा खर्चही यात येत नाही, तो वेगळा धरा.

३. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी, रहिवासी दाखला, हे जूनमध्ये काढायला गेलं की सेतू केंद्रावर रांग लागते. मुलगी बारावीला असतानाच दिवाळीनंतर कागद काढायला घ्या.

४. बारावीपर्यंत मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत असतो. कॉलेजला विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास मिळतो. त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो.

रयत शिक्षण संस्था १९१९ साली सुरू झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गोरगरिबांची मुलं वसतिगृहात ठेवली, आणि मुलांच्या पोटाची वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आज दागिने मोडायची वेळ येऊ नये म्हणूनच आपला गट आहे.

सुनेचं आणि तुमचं स्वतःचं कारण

हा पाठ पोरांपुरता ठेवू नका. आपल्या गटांत बारावी होऊन लग्न झालेल्या कितीतरी सुना आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी अभ्यास करून पदवी घ्यायची सोय देतं. बऱ्याच तालुक्यांत त्याची अभ्यासकेंद्रं आहेत. "आता शिकून काय करायचंय?" असं कोणी म्हणेल. गटाचे हिशेब स्वतः तपासायचे आहेत, बँकेत कोणाची सोबत लागू नये, नातवाचा अभ्यास घ्यायचाय, ही कारणं काही कमी नाहीत.

बैठकीत करायचा अभ्यास

अभ्यास १ : आपली कर्जवही उघडा. गेल्या तीन वर्षांत 'शिक्षण' म्हणून किती कर्जं दिली ते मोजा. त्यांत मुलासाठी किती, मुलीसाठी किती, सुनेसाठी किती? त्याच काळात मुलींच्या लग्नासाठी किती रक्कम गेली? चारही आकडे फळ्यावर लिहा. कोणाचं नाव घेऊ नका, फक्त आकडे बघा आणि बोला.

अभ्यास २ : घरी जाऊन 'तीनदा का' विचारा. वेळ निवांत निवडा. भाजी निवडताना किंवा शेतातून येताना विचारा, बाप-काका-पाहुणे समोर असताना नको. पहिलं 'का' विचारलं की ठरलेलं उत्तर येईल. त्यावर हसू नका, रागावू नका. "ते का पाहिजे?" असं परत विचारा. तिसऱ्या वेळी जे उत्तर येईल, ते बहुतेक मनातलं असेल. ते ऐकून लगेच सल्ला देऊ नका, एक रात्र जाऊ द्या.

अभ्यास ३ : जोडीने बसा आणि एकमेकींना सांगा, मला शिकायचं होतं तर कशासाठी, आणि का राहिलं? ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी नुसतं ऐकलं तरी चालेल.

ग्रामसंघाने विचारात घ्यायचे ठराव

एक, शिक्षणकर्जाच्या अर्जावर शिकणाऱ्याचं कारण त्याच्याच शब्दांत, एका ओळीत लिहून घ्यावं. कारण आवडलं नाही म्हणून अर्ज नाकारू नये. ते लिहिलं की घरात त्यावर बोलणं होतं, एवढाच हेतू.

दोन, लग्नासाठी कर्ज मागितलं आणि मुलगी शिकत असेल, तर तिचं म्हणणं सीआरपी ताईंनी एकटीला भेटून विचारावं. मुलगी अठराच्या आतली असेल, तर त्या लग्नासाठी कर्ज देऊ नये.

तीन, जून-जुलैत आठवड्यातून एक दिवस गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला बसवून महाडीबीटीचे अर्ज भरायला मदत करावी. तिला त्याचं मानधन द्यावं.

हा पाठ वाचून झाला की ठराववहीत नोंद करा. 'तीनदा का' विचारल्यावर घरी काय उत्तर आलं, ते नाव न घालता चार ओळींत लिहून सीआरपी ताईंकडे द्या. लिहिता येत नसेल तर मुलीकडून नाहीतर सुनेकडून लिहून घ्या. पुढच्या अंकात आपण ती उत्तरं छापू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक